दुपारी २ वाजून १२ मिनिटे

(सर्व वेळा वॉशिंग्टनच्या घड्याळाप्रमाणे)

३ नोव्हेंबर २०२०, सकाळी ७.००
अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी पेनसिल्व्हेनियात मतदान केंद्रे उघडली. टपाली मतांची पाकिटे फोडायला परवानगीही याच वेळेपासून होती. त्याआधी फोडायला कायद्याची मनाई. कोरोनामुळे या एका राज्यात सुमारे २६ लाख मते टपालाने आली. प्रत्येक मताचे बाहेरचे पाकीट फोडायचे, आतले गोपनीय पाकीट काढायचे, तेही फोडायचे, घडी घातलेली मतपत्रिका सपाट करून यंत्रात सरकवायची. हे काम आधी सुरू करू द्या, असे निवडणूक कर्मचारी कित्येक महिने सांगत होते. राज्यपाल डेमोक्रॅट, विधिमंडळ रिपब्लिकनांचे. तडजोड झाली नाही.

टपाली मतदान म्हणजे घोटाळा, असे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प उन्हाळाभर सांगत आले होते. त्यामुळे त्यांचे बहुतेक मतदार केंद्रावर गेले, तर त्यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी जो बायडेन यांच्या मतदारांनी मोठ्या संख्येने टपाल निवडले. आधी कोणाची मते दिसणार आणि मागाहून कोणाची, हे मतदानापूर्वीच ठरले होते. अभ्यासक तसे सांगत होते. अनेक मतदारांपर्यंत ते पोहोचले नाही.

४ नोव्हेंबर, पहाटे २.३० च्या सुमारास
ट्रम्प व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर आले. आपण जिंकलो आहोत, मतदान थांबले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. मतदान कधीच संपले होते. चालू होती ती मोजणी. पेनसिल्व्हेनियात त्यांची आघाडी सात लाखांच्या घरात होती आणि दहा लाखांहून अधिक टपाली मते अजून मोजायची होती.

४ नोव्हेंबर, सकाळ
मिशिगनमधल्या अँट्रिम या छोट्या, रिपब्लिकन वळणाच्या काउंटीत बायडेन पुढे दिसले. ऑक्टोबरमध्ये काही गावांच्या मतपत्रिकेत शेवटच्या क्षणी बदल झाला होता. तो काही यंत्रांत भरायचा राहून गेला होता. चूक लगेच सापडली, आकडे दुरुस्त झाले. पण चुकीच्या आकड्यांचे छायाचित्र देशभर फिरत राहिले. १७ डिसेंबरला तिथली प्रत्येक मतपत्रिका हाताने मोजली गेली. ट्रम्पच पुढे होते आणि प्रमाणित निकालाशी फरक होता १२ मतांचा.

७ नोव्हेंबर, सकाळी ११.३० च्या सुमारास
पेनसिल्व्हेनियाचा कल स्पष्ट झाला. वृत्तसंस्थांनी बायडेन विजयी झाल्याचे जाहीर केले. मतदान संपून चार दिवस झाले होते. त्या चार दिवसांत ट्रम्प यांची तिथली आघाडी थोडी थोडी घटत जाऊन संपली. कायद्याने ठरवलेल्या क्रमानेच ती घटत होती. टीव्हीसमोर बसलेल्या लाखो लोकांना मात्र मते कोणीतरी आत घुसवत आहे असे वाटले.

१९ नोव्हेंबर
जॉर्जियाने सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या. बायडेनच जिंकले. नंतर यंत्राने आणखी एकदा मोजणी झाली. अंतिम फरक ११,७७९ मते.

१ डिसेंबर
अटलांटा. जॉर्जियाच्या निवडणूक विभागातले अधिकारी गॅब्रिएल स्टर्लिंग पत्रकारांसमोर आले. ते स्वतः रिपब्लिकन. एका तरुण कंत्राटी तंत्रज्ञाला फाशी देण्याच्या धमक्या येत होत्या. हे थांबवा, नाहीतर कोणीतरी मरेल, असे त्यांनी राष्ट्राध्यक्षांचे नाव घेऊन सांगितले.

त्याच दिवशी ट्रम्प यांचेच ॲटर्नी जनरल विल्यम बार यांनी निकाल फिरेल एवढा गैरप्रकार आढळला नसल्याचे जाहीर केले. दोन्ही विधाने ठळक बातम्या झाल्या. आरोप थांबले नाहीत.

१४ डिसेंबर
राष्ट्राध्यक्षाची औपचारिक निवड करणाऱ्या, राज्याराज्यांतल्या निर्वाचकांनी मते दिली. बायडेन ३०६, ट्रम्प २३२. साठहून अधिक दावे न्यायालयांत गेले होते. एखादा किरकोळ अपवाद सोडता ट्रम्प यांची बाजू सगळीकडे हरली. ट्रम्प यांनी नेमलेल्या न्यायाधीशांनीही दावे फेटाळले.

१९ डिसेंबर, रात्री १.४२
ट्रम्प यांचे ट्विट: ६ जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये मोठे आंदोलन, या, धमाल होईल. त्या दिवशी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, संयुक्त अधिवेशनात निर्वाचकांची मते मोजली जाणार होती.

२ जानेवारी २०२१
ट्रम्प यांनी जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी) ब्रॅड राफेन्सपर्गर यांना फोन केला. तासाभराच्या बोलण्यात त्यांनी ११,७८० मते शोधून हवीत असे सांगितले. फरकापेक्षा एक जास्त. राफेन्सपर्गर यांनी नकार दिला.

३ जानेवारी
कॅपिटॉल या काँग्रेसच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कॅपिटॉल पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाने अहवाल दिला. या वेळी आंदोलकांचे लक्ष्य विरोधी गट नसून खुद्द काँग्रेस आहे, हे वाक्य त्यात होते. ते अहवालाच्या शेवटाकडे होते.

४ जानेवारी
कॅपिटॉल पोलिसांचे प्रमुख स्टीव्हन सुंड यांनी नॅशनल गार्ड या राखीव सैनिकी दलाची मदत आधीच मागून ठेवायचे सुचवले. मंजुरी मिळाली नाही. त्यांनी हे नंतर सिनेटसमोर साक्षीत सांगितले.

५ जानेवारी, संध्याकाळ
एफबीआयच्या नॉरफोक कार्यालयाने इशारा पाठवला: काही जण युद्धाच्या तयारीने येत आहेत. तो कॅपिटॉल पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागापर्यंत पोहोचला, प्रमुखांपर्यंत पोहोचला नाही.

६ जानेवारी, सकाळ
ट्रम्प यांच्या सभेच्या ठिकाणी सुमारे २८ हजार लोक धातुशोधक कमानीतून आत गेले. त्यांच्याकडून सुरे आणि पाती २६९, पेपर स्प्रेचे २४२ डबे काढून घेण्यात आले. हजारो लोक कमानीतून न जाता बाहेरच थांबले.

११.५७
ट्रम्प यांचे भाषण सुरू.

१२.५३
कॅपिटॉलच्या पश्चिमेचे पहिले बॅरिकेड पडले. तिथे मोजकेच पोलीस होते.

१.०० च्या सुमारास
उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांचे पत्र प्रसिद्ध झाले: कोणती मते मोजायची आणि कोणती नाही, हे एकट्याने ठरवायचा अधिकार मला नाही. महोगनीच्या पेट्यांतून राज्यांची प्रमाणपत्रे सभागृहात आणली होती. वर्णक्रमाने मोजणी सुरू झाली. ॲरिझोनाला हरकत आली आणि दोन्ही सभागृहे चर्चेसाठी वेगळी झाली.

१.१०
भाषण संपले. कॅपिटॉलकडे चला, असे ट्रम्प यांनी सांगितले होते.

१.४९
सुंड यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल गार्डचे प्रमुख विल्यम वॉकर यांना फोन करून तातडीची कुमक मागितली.

२.१२
जमावातल्या एकाने पोलिसांकडून हिसकावलेल्या ढालीने खिडकीची काच फोडली. माणसे आत शिरू लागली.

२.१३
सिनेटचे कामकाज थांबले. बाहेर पडताना कर्मचाऱ्यांनी प्रमाणपत्रांच्या पेट्या उचलून सोबत नेल्या.

२.१४
पोलीस अधिकारी युजीन गुडमन एकटे जमावासमोर होते. त्यांनी जमावाला आपल्या मागे, सिनेटच्या दारापासून दूर नेले.

२.२४
ट्रम्प यांचे ट्विट: पेन्स यांनी धैर्य दाखवले नाही.

२.२६
पेन्स यांना सुरक्षित जागी हलवले. जमाव त्यांच्यापासून सुमारे ४० फुटांवर होता.

२.४४
सभापतींच्या लॉबीच्या दारातली फुटलेली काच ओलांडणाऱ्या एका महिलेला पोलिसाची गोळी लागली. ती दगावली.

४.१७
भाषण संपून १८७ मिनिटे झाल्यावर ट्रम्प यांची चित्रफीत आली. निवडणूक चोरली गेली, घरी जा, आमचे तुमच्यावर प्रेम आहे.

५.२० नंतर
गार्डचे जवान पोहोचू लागले. सुमारे १४० पोलीस जखमी झाले होते.

८.०६
पेट्या परत आल्या, सिनेट पुन्हा बसली. मध्यरात्र उलटेपर्यंत मतदान चालले. १४७ रिपब्लिकन सदस्यांनी त्यानंतरही किमान एका राज्याचा निकाल अमान्य करण्याच्या बाजूने मत दिले.

७ जानेवारी, पहाटे पावणेचारच्या सुमारास
पेन्स यांनी निकाल जाहीर केला: ३०६ आणि २३२. १४ डिसेंबरचेच आकडे.

पुढे
२०२२ मध्ये निर्वाचकांच्या मतमोजणीचा कायदा बदलला. उपराष्ट्राध्यक्षाची भूमिका केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट झाले, आणि हरकतीसाठी प्रत्येक सभागृहाच्या एक पंचमांश सदस्यांचा पाठिंबा लागू लागला. पेनसिल्व्हेनियातली टपाली पाकिटे आधी फोडण्याची मनाई २०२४ मध्येही होती तशीच होती. २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा राष्ट्राध्यक्ष झालेल्या ट्रम्प यांनी या हल्ल्यातल्या सुमारे १,५०० जणांना माफी दिली.

त्याच्या दोन आठवडे आधी, ६ जानेवारी २०२५ ला, २०२४ च्या निवडणुकीत हरलेल्या उमेदवार कमला हॅरिस यांनी उपराष्ट्राध्यक्ष म्हणून स्वतःच्या पराभवाचे आकडे वाचले. तासाभराच्या आत सगळे आटोपले. मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हार मान्य केली होती.

जॉर्जियात तीन वेळा मोजलेली मते २०२० मध्ये संशय पुसू शकली नाहीत. निकाल खरा असला म्हणून लोकांना तो खरा वाटतोच असे नाही. मोजणी कोणत्या क्रमाने होणार हे आधी सांगावे लागते. निकाल खरा आहे हे हरलेल्याने आपल्या मतदारांना सांगावे लागते, आणि तेही वेळेवर.