नदीला स्मारक कशाला? जबलपूरचे पुतळे आणि त्यांच्याभोवतीचे प्रश्न

ग्वारीघाट हा जबलपूर शहराच्या दक्षिणेला असलेला नर्मदेचा घाट. इथे नर्मदा पाण्याच्या रूपात तर आहेच, शिवाय मगरीवर बसलेल्या देवीच्या रूपातही आहे. ही मूर्ती नदीसारखी दिसते का, असे कुणी विचारत नाही, कारण मूर्ती पूजेसाठी असते आणि तिच्याकडून साम्याची अपेक्षा नसते. चौकातल्या पुतळ्याचे तसे नाही. तो अमुक एका माणसाचा आहे असे सांगतो, आणि म्हणूनच वादाला जागा देतो. भाषेतही हा फरक दिसतो. हिंदीत चौकातल्या पुतळ्याला ‘प्रतिमा’ किंवा ‘मूर्ति’ म्हणतात, आणि ‘पुतला’ म्हणजे मोर्चात जाळायचा. मराठीत हार घालायचा तोही पुतळाच आणि जाळायचा तोही पुतळाच.

पुतळा कुणाचा असावा, त्यात कोण दिसावे आणि तो कशासाठी असावा, हे प्रश्न जबलपुरात स्वातंत्र्यानंतर लगेचच, तेही एका अनावरणाच्या मंचावरून, विचारले गेले. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून परतत असताना सिवनीजवळ मोटार अपघातात वारल्या. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांना अटक झाली होती, आणि पुढे त्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या सदस्य झाल्या. या प्रांताची राजधानी नागपूर होती आणि तो हिंदी-मराठी असा दुभाषी होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो प्रांतच उरला नाही. त्यामुळे नागपूर आणि जबलपूर यांचा हा सामायिक राजकीय इतिहास आज दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांत अर्धाअर्धाच सापडतो.

जबलपूरच्या लोकांनी वर्गणी जमवून नगरपालिकेच्या आवारात सुभद्राकुमारींचा पुतळा उभारला. २७ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांच्या शाळेपासूनच्या मैत्रीण महादेवी वर्मा यांनी त्याचे अनावरण केले. त्या वेळी महादेवींनी जे सांगितले त्याचा आशय असा: नदीला स्मारक नसते, दिव्याच्या ज्योतीला सोन्याने मढवून काही साधत नाही, सुभद्रेचा संदेश दूरवर पोहोचवणे आणि तो आचरणात आणणे हेच खरे स्मारक. पडदा ज्यांच्या हातून दूर व्हायचा त्यांनीच पुतळ्याच्या उपयोगाबद्दल शंका घ्यावी, असे प्रसंग आपल्याकडे फार नाहीत.

तरीही वर्गणी देणाऱ्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. त्याआधीच्या शतकभरात हिंदुस्थानातल्या शहरांत चौकातला पुतळा म्हणजे बहुधा राणी व्हिक्टोरिया, एखादा राजा किंवा गव्हर्नर. सत्ता कुणाची आहे हे दाखवणे हा त्याचा हेतू. मुंबईतला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला, पण त्या जागेचे ‘काळा घोडा’ हे नाव टिकले. अशा काळात नगरपालिकेच्या आवारात राजा नाही, सेनापती नाही, तर तुरुंगात गेलेली एक गृहिणी-कवयित्री उभी राहणे हाच एक राजकीय अर्थ होता. महादेवींचा आक्षेप दगड-धातूच्या मर्यादेवर होता, या निवडीवर नव्हता.

या पुतळ्यात चेहऱ्याचा प्रश्न फारसा आला नाही. सुभद्राकुमारींना पाहिलेले शेकडो लोक गावात होते. पण ज्या व्यक्तीला कुणी पाहिलेलेच नाही तिचे काय?

राणी दुर्गावतीचे उदाहरण घेऊ. ती चंदेल घराण्यातली. गढा राज्याच्या दलपतशाहाशी तिचा विवाह झाला, आणि त्याच्या मृत्यूनंतर अल्पवयीन वीरनारायणाच्या नावे तिने राज्य चालवले. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला. बाण लागून जखमी झाल्यावर, शत्रूच्या हाती पडण्याऐवजी तिने स्वतःचा अंत केला. तिच्याविषयीची तपशीलवार जुनी माहिती मिळते ती अबुल फजलच्या ‘अकबरनाम्या’त, म्हणजे जिंकणाऱ्यांच्या दरबारी इतिहासात. तिला समोर बसवून काढलेले चित्र उपलब्ध नाही. शेवटच्या लढाईत ती हत्तीवर होती, एवढा आधार शिल्पकाराला मिळतो. बाकीचे, म्हणजे चेहरा, दागिने, चिलखत, तलवार धरायची ढब, हे सगळे विसाव्या शतकाचे. आणि ‘वीरांगना’ म्हटले की विसाव्या शतकाच्या डोळ्यांपुढे एकच आकृती येते, ती झाशीच्या राणीची.

ही आकृती घडवण्यात सुभद्राकुमारींच्या ‘झाँसी की रानी’ या कवितेचा वाटा मोठा आहे. म्हणजे जबलपुरात राहणाऱ्या हिंदी कवयित्रीने तांबे घराण्यात जन्मलेल्या मराठी मुलीला देशभराच्या शाळांत पोहोचवले, आणि तिच्या छायेत त्याच जबलपूरची जुनी राणी पाहिली जाऊ लागली. लक्ष्मीबाईच्या पुतळ्यांतही साम्याचा प्रश्न आहेच. अनेक ठिकाणी तिच्या पाठीला तान्हे मूल बांधलेले दाखवतात. दामोदररावाला नोव्हेंबर १८५३ मध्ये दत्तक घेतले तेव्हा तो पाचेक वर्षांचा होता. १८५८ मध्ये तो तान्हा असणे शक्यच नाही. शिल्पकाराला हे ठाऊक नसते असे नाही. पाहणाऱ्याला एकाच वेळी आई आणि योद्धा दिसावी, यासाठी मूल लहान होते.

दुर्गावतीच्या बाबतीत या निवडीला आणखी एक धार आहे. ती माहेरची चंदेल राजपूत, सासरची गोंड. तिला राजपूत वीरांगना म्हणून दाखवायचे की गोंडवानाची राणी म्हणून? पोशाख आणि दागिने यांतून याचे उत्तर न बोलता दिले जाते, आणि गोंड समाजाच्या दृष्टीने ते क्षुल्लक नाही. ज्या समाजाचे राज्य गेले, मग जंगलही गेले, त्याच्या हाती सार्वजनिक जागेत उरलेली ही मोजकी नावे. १९८३ मध्ये जबलपूर विद्यापीठाला दुर्गावतीचे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये, तिच्या पाचशेव्या जयंतीवर्षानिमित्त, पंतप्रधानांच्या हस्ते जबलपुरात ५२ फुटी कांस्य पुतळ्यासह स्मारक व उद्यानाचे भूमिपूजन झाले; जाहीर झालेला खर्च सुमारे १०० कोटी रुपये. त्यानंतर काही आठवड्यांतच मध्य प्रदेशात विधानसभा निवडणूक झाली. म्हणून तो मान खोटा ठरत नाही, पण उंची फुटांत मोजली जाऊ लागली की हेतू कुणाचा, हे विचारावेच लागते.

हेतू उभारणाऱ्याच्या मुठीत राहत नाही हेही खरे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंनी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण केले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने वाटेत प्रचंड निदर्शने केली. पुतळ्याला विरोध नव्हता. महाराजांच्या नावावर हक्क कुणाचा, हा प्रश्न होता. डिसेंबर २०१० मध्ये पुणे महापालिकेने लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा हलवला तेव्हा वाद उलट दिशेने गेला. शिवरायांशेजारी कोणत्या नात्याने कुणी उभे राहावे, हे आधी कागदपत्रांवर आणि मग सभागृहातल्या मतांवर ठरले. माझ्या मते, या वादातून विद्यार्थ्याने घ्यायचा तो धडा पुराव्याचा आहे: समूहशिल्पात दोन व्यक्तींमधले अंतरसुद्धा एक ऐतिहासिक विधान असते.

जबलपूर रेल्वे स्थानकाजवळ मालगोदाम चौकात राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांचे पुतळे आहेत. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्याचे हे वंशज. उठावाच्या कटाचा आरोप ठेवून इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी त्यांना तोफेच्या तोंडी दिले. पुराव्यांत शंकरशाहांनी लिहिलेली एक कविताही होती. त्याच रात्री ५२ वी देशी पलटण उठली. इथे पुतळ्याचा हेतू स्पष्ट आहे: शिक्षेची भीती बसावी म्हणून जी जागा निवडली गेली, तिच्या परिसरात त्यांचा मान उभा करणे.

पण १८५७ मध्ये हे राजघराणे पेन्शनवर का होते? मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे. १७४२ मध्ये पेशवा बाळाजी बाजीरावाने मंडल्यावर स्वारी केली, तीत राजा महाराजशाह मारला गेला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी नरहरशाहाला पदच्युत करून राज्य ताब्यात घेतले. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे. दुर्गावतीसमोर मुघल आहेत, शंकरशाहांसमोर इंग्रज. मधल्या पर्वात गोंडांसमोर आपण आहोत, आणि त्या पर्वाचा पुतळा कुणी मागत नाही. मराठी पुस्तकांत मंडल्याची स्वारी पेशव्यांच्या उत्तरेकडील मोहिमेतला एक मुक्काम म्हणून येते, नरहरशाहाचे नाव तर क्वचितच.