अर्जासोबतचं पत्र : आनंदीबाईंपासून आपल्यापर्यंत



आता नोकरीचा अर्ज म्हटलं की सेवा केंद्रात जायचं, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा, आधार कार्ड, मार्कशीट, दाखले अपलोड करायचे आणि पावती घेऊन घरी यायचं. मग मुली विचारतात, "शाळेत घोकलेलं ते 'सविनय विनंती करते की' आता कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी जरा १४० वर्षं मागे जाऊ या.

डॉक्टर आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव, पोस्टात नोकरीला. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण तो दहा दिवसच जगला. योग्य औषधोपचार मिळाला नाही. तेव्हापासून आपण डॉक्टर व्हायचं, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. वाइल्डर कोल्हापुरात राहून गेलेले होते. पत्रात दोन गोष्टी होत्या : बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, आणि मला तिकडे एखादी नोकरी मिळेल का? म्हणजे तो एक नोकरीचा अर्जच होता. ख्रिस्ती होत असाल तर मदत करू, असं उत्तर आलं. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हतं. अर्ज फसला.

पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी दाताच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना तो वाचला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना राहायला घर होतं ते या कार्पेंटरबाईंचंच.

तिथून, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. त्यात त्यांनी आपली कमी बाजू झाकली नाही. प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी बसेनच असं नाही आणि माझ्याकडे पैसा नाही, हे सरळ सांगितलं. मग लिहिलं, की मित्रमंडळींचा आणि जातीचा विरोध सोसून मी इथवर आले, तोच निर्धार पुढेही कामी येईल. आणि कशासाठी आले तेही लिहिलं : आमच्याकडच्या बायका एकवेळ मरण पत्करतील, पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेणार नाहीत. त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे.

कॉलेजने प्रवेश दिला. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. मात्र क्षयाने त्यांना गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. पुरती बावीस वर्षंही झाली नव्हती.

आता विचार करा. हाच अर्ज आजच्या ऑनलाइन फॉर्मवर भरला असता तर? फॉर्ममध्ये टक्के विचारतात, जन्मतारीख विचारतात. 'का' हे विचारणारा रकाना नसतो. अटीत बसत नाही म्हटल्यावर पुढचं पान उघडलंच नसतं.

पण फॉर्मला नुसती नावं ठेवून चालणार नाही. पूर्वी अर्ज लिहायचा तर लिहिता येणारा माणूस शोधावा लागे. ज्याची भाषा चांगली, ज्याची ओळख मोठी, त्याचं पत्र आधी वाचलं जाई. फॉर्मला गोड भाषा कळत नाही, तशी ओळखही कळत नाही. आपल्यासारख्यांच्या लेकींना त्याचा फायदाच आहे. म्हणून सरकारी भरतीत पत्रावर वेळ घालवू नका. जाहिरात पूर्ण वाचा, कागदपत्रांवरची नावं जुळतात का बघा, शेवटची तारीख चुकवू नका.

जिथे अर्ज माणूस वाचतो, तिथली गोष्ट मात्र वेगळी. गावातला खासगी दवाखाना, पतसंस्था, एखादी सामाजिक संस्था, खासगी शाळा, तालुक्याचं दुकान, अशा ठिकाणी अर्जासोबतचं अर्धं पान अजून काम करतं. अट एकच : ते उतरवून काढलेलं नको. 'मी होतकरू व प्रामाणिक आहे' हे सगळ्याच लिहितात. त्यापेक्षा 'गटाचा हिशोब मी पाच वर्षं लिहिते, एकदाही पैशाचा घोळ झाला नाही' हे एक वाक्य भारी पडतं. बारावी झाली नसेल तर तसं लिहा आणि पुढे काय येतं ते लिहा. हेच काम का हवं, तेही लिहा.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. प्रत्येकीने पाच ओळी लिहायच्या : मला काय येतं, काय कमी आहे, कोणतं काम हवं आणि का. जिला लिहिता येत नाही तिने सांगायचं, शेजारणीने लिहून घ्यायचं. नोकरी असो, बँकेचं कर्ज असो की ग्रामसभेतला अर्ज, या पाच ओळी कुठेही उपयोगी पडतील.