चावी परत करेपर्यंत

जुलै लागला की पुण्या-मुंबईच्या गाड्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याकडे वळतात. भंडारदऱ्याचे धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, घाटघरचा कडा. घरी गाडी नसली तर स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली जाते. अशाच एका दोन दिवसांच्या सहलीचा हा घटनाक्रम. नवरा, पत्नी, मुलगा आणि आजी हे कुटुंब नमुन्यादाखल कल्पिलेले आहे. रस्ते, कायदे आणि विम्याचे नियम खरे आहेत. या सहलीत कोणाला साधे खरचटतही नाही. तरीही रविवारी रात्री अनामत रक्कम बुडते आणि वर आणखी पैसे मागितले जातात. गाडीला धक्का बसतो शनिवारी संध्याकाळी; पण त्याची भरपाई कोणाच्या खिशातून करायची, हे त्याच्या आधी आणि नंतर तासातासाला ठरत जाते.

शुक्रवार, रात्री 9.30 : 48 तास बाकी

पत्नी स्वतःच्या नावावर गाडी नोंदवते. पैसे भरण्याच्या पानावर ‘डॅमेज प्रोटेक्शन’समोर बरोबरची खूण आधीच केलेली आहे. ग्राहकाने न मागितलेली वस्तू परस्पर बिलात घालणे ही फसवी क्लृप्ती आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती खूण काढायची की ठेवायची, हे आपण ठरवायचे.

पत्नी ती ठेवते, आणि गाडीचा विमा झाला असे समजून निर्धास्त होते. इथेच मोठा घोटाळा आहे. गाडीची पॉलिसी मालकाच्या नावावर असते. विमा कंपनीशी भाडेकरूचा काहीच करार नसतो. आपण भरतो ते पैसे मालकाच्या एका हमीचे: अमुक रकमेपुढचे नुकसान तुमच्याकडून घेणार नाही. या हमीला अटी असतात. बहुतेक करारांत चार सापडतात. करारात नाव असलेल्यानेच गाडी चालवायची. काही घडले तर लगेच कळवायचे. परवानगीशिवाय दुरुस्ती करायची नाही. मुदतीत गाडी परत करायची. यातली एक मोडली तरी हमी रद्द होऊ शकते. टायर, काच आणि गाडीचा तळ हमीत आहे का, हेही त्याच पानावर लिहिलेले असते. ती ‘मान्य आहे’वर बोट ठेवते आणि बॅगा भरायला उठते.

शनिवार, पहाटे 5.30 : 40 तास बाकी

सोसायटीच्या दारात गाडी येते. नंबरप्लेट काळी, अक्षरे पिवळी. ही खूण तपासायलाच हवी. चालकाशिवाय भाड्याने देण्यासाठी 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली नोंदलेल्या गाडीला अशी पाटी असते. पांढऱ्या पाटीची, ओळखीतून मिळालेली गाडी स्वस्त पडते. पण खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने देण्याचा वापर वगळलेला असतो. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

पाटी ठीक आहे. पण पाऊस भुरभुरतोय, उजेड पुरता झालेला नाही, आणि ओल्या पत्र्यावर ओरखडा दिसत नाही. गाडी आणणारा मुलगा म्हणतो, “मॅडम, फोटो मी काढलेत. तुम्ही फक्त ओटीपी सांगा.” ती सांगते. त्या क्षणी गाडी निर्दोष मिळाल्याची कबुली दिली जाते.

इथे पाच मिनिटे द्यायला हवी होती. फडक्याने बंपर पुसायचा, मोबाइलचा उजेड तिरपा मारायचा आणि न थांबता एकच व्हिडिओ काढायचा: चारही बाजू, बंपरची खालची कड, चाकांच्या रिम, टायर, काच, स्टेपनी, किलोमीटर, इंधनाचा काटा. तो लगेच कंपनीला पाठवला की त्यावर वेळेचा शिक्का बसतो.

शनिवार, सकाळी 10.30 : 35 तास बाकी

आळेफाटा, बोटा, ब्राह्मणवाडा करत गाडी कोतूळला पोहोचते. चहा होतो. नवरा म्हणतो, “पुढचं मी घेतो, तू जरा डोळे मीट.” त्याच्याकडे लायसन्स आहे, हात साफ आहे. कायद्याने त्याने गाडी चालवण्यात काही गैर नाही. पण करारात नाव एकटीचे आहे. पहिली अट मोडली. दुसऱ्या चालकाचे लायसन्स नोंदवायची सोय बऱ्याच कंपन्या देतात. ती नोंदणीच्या वेळीच वापरायची असते.

शनिवार, दुपारी 2.30 : 31 तास बाकी

रतनवाडीच्या वाटेवर ओढा फरशीवरून वाहतोय. रस्त्याकडेचा एक गावकरी हात करतो, “पाव्हणं, थांबा जरा. पाऊस उघडला की उतरंल पाणी.” मागून आजी म्हणते, “थांब रे बाबा, कुठं गाडी गाठायचीये आपल्याला?” ते थांबतात. या सहलीतला हा सर्वांत शहाणा निर्णय.

याच तालुक्यात जानेवारी 2021 मध्ये कळसूबाईकडे निघालेली पुण्याची मोटार रात्रीच्या वेळी मोबाइलवरच्या नकाशामागे गेली आणि पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून बुडाली. एकाचा जीव गेला. जिवापुढे पैशाची गोष्ट किरकोळच, पण तीही जाणून घ्यावी. पाणी इंजिनात शिरल्यावर पुन्हा स्टार्टर मारला तर आतले भाग वाकतात, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवायची नाही, ढकलून बाहेर काढायची.

शनिवार, संध्याकाळी 5.30 : 28 तास बाकी

मुतखेलच्या बाजूने परतताना समोरून एसटी येते. नवरा गाडी कडेला घेतो. गवतात दडलेला दगड बंपरच्या खालच्या कडेला लागतो. टक्क. मुलगा उतरून पाहतो: वीतभर तडा, एक क्लिप तुटून लोंबतेय. “एवढंसं तर आहे,” असे म्हणून सगळे पुढे निघतात. ना फोटो, ना फोन. दुसरी अट मोडली.

हे एवढेसे मोठे कसे होते, त्याचा हिशेब मालकाच्या बाजूने मांडून पाहा. समजा, बंपर 12,000 रुपयांचा आहे. प्रमाणित पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा धरतात, उरले 6,000. त्यातून सक्तीची वजावट जाते. रंगाच्या साहित्यावरही 50 टक्के घसारा. शिवाय दावा केला की 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत चढत जाणारी नो क्लेम बोनसची सवलत शून्यावर येते. शून्य घसाऱ्याची जोड असेल तर घसाऱ्याचा भाग वाचतो, बोनस तरीही जातो. मग विम्याकडे जाण्यापेक्षा भाडेकरूच्या अनामतीतून पैसे वळते करणे मालकाला सोपे वाटते. लहान नुकसानीत पॉलिसी उघडलीच जात नाही, ती यामुळे.

रविवार, सकाळी 10.30 : 11 तास बाकी

राजूरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक कामसू निघतो. तापवलेल्या इस्त्रीने तडा सांधतो, दोन भोके पाडून बंपर तारेने आवळतो. काम प्रामाणिक, पैसे माफक. पण आता मूळ नुकसान किती होते हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि ती दोन भोकेही भाडेकरूच्याच खाती पडणार. तिसरी अट मोडली.

रविवार, संध्याकाळी 6.30 : 3 तास बाकी

पुणे-नाशिक महामार्गावर मंचरपासून गाड्यांची रांग. गाडी रात्री 8 ला परत करायची आहे. ॲपवर मुदत वाढवून घेता आली असती. मुदत संपण्याआधी वाढवली तर जादा तासांचे भाडे पडते, नंतर दंड पडतो. “पोहोचूच की,” म्हणत कोणी मोबाइल उघडत नाही. 8 वाजून जातात. चौथी अट मोडली.

रविवार, रात्री 9.30 : शून्य तास

गाडी न्यायला आलेला माणूस बंपर पुसतो, खाली वाकतो, तिरपा उजेड मारतो आणि फोटो काढतो. थोड्या वेळात संदेश येतो: नवा बंपर, रंग, मजुरी, गाडी उभी राहील त्या दिवसांचे भाडे, उशिराचा दंड. करारभंगामुळे हमी लागू नाही. अनामत वळती केली आहे, उरलेली रक्कम भरावी.

आणि त्यानंतरचे तास

इथेही सगळे हातचे गेलेले नाही. अटी मोडल्या म्हणून वाटेल ती रक्कम लावता येत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मागता येते. म्हणून लेखी विचारा: दुरुस्तीचे जीएसटी बिल कुठे आहे? बदललेल्या भागाचा फोटो? विम्याचा दावा केला का, आणि केला असेल तर किती मंजूर झाला? एकाच बंपरचे पैसे दोघांकडून घेतले जात नाहीत ना?

उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते. अवाजवी अनामत किंवा नुकसानीच्या मानाने अवाढव्य दंड लावणारा करार त्याच कायद्याच्या कलम 2(46) नुसार ‘अनुचित’ ठरू शकतो. अशा कराराला आव्हान राज्य आयोगापुढे द्यायचे असते. विमा लोकपालाकडे जाऊन मात्र उपयोग नाही, कारण पॉलिसी आपली नसते.

पण सामान्य कुटुंबाने दोन दिवसांच्या सहलीसाठी वकिली का शिकावी? जबाबदारी गाडी देणाऱ्याचीही आहे. त्या चार अटी, भाडेकरूला जास्तीत जास्त किती भरावे लागेल तो आकडा आणि हमीत न बसणाऱ्या भागांची यादी, एवढे एका पानावर, ठळक मराठीत, ओटीपी मागण्याआधी हातात द्यावे. तसा नियम होईपर्यंत आपणच हे सगळे विचारावे, उत्तर लेखी घ्यावे आणि ते मिळत नसेल तर दुसरी गाडी पाहावी.