स्वयंसेवी अग्निशमन दल (अमेरिका)

गावातल्या रहिवाशांनी आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, पगार न घेता चालवलेले आग विझवण्याचे आणि आपत्तीत धावून जाण्याचे दल. आपल्याकडे बंब म्हटला की तो नगरपालिकेचा आणि त्यावरचे जवान पगारी, हे गृहीतच असते. अमेरिकेत ते मोठ्या शहरांपुरते खरे आहे. तिथल्या सुमारे ३० हजार दलांपैकी बहुसंख्य दले पूर्णपणे किंवा मुख्यत्वे स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन (एनएफपीए) या संस्थेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये देशातल्या सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामकांपैकी ६ लाख ७७ हजार, म्हणजे ६५ टक्के, बिनपगारी होते.

या प्रथेचा उगम बेंजामिन फ्रँकलिनपर्यंत नेला जातो. ७ डिसेंबर १७३६ रोजी त्याने फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि आगीतून सामान बाहेर काढायच्या पिशव्या कायम तयार ठेवायच्या, असा करार होता. मासिक सभेला दांडी मारली तर दंड, आणि त्या दंडाच्या पैशातून पंप, शिड्या व आकडे विकत घ्यायचे, हा फ्रँकलिनचा हिशेबीपणा. पुढे शहरे वाढली तशा या कंपन्या माजल्या. एकाच आगीवर दोन कंपन्या पोचल्या की आधी आपसात हाणामारी व्हायची. सिनसिनाटीने वैतागून १८५३ मध्ये पगारी दल उभे केले आणि वाफेवर चालणारा पंप आणला. या पंपाचा मोठा फायदा असा, की तो चालवायला हातांची गर्दी लागत नाही. न्यूयॉर्क शहराने १८६५ मध्ये तीच वाट धरली. स्वयंसेवक उरले ते छोट्या गावांत, आणि तिथे आजही आहेत.

दलाचे कायदेशीर रूप राज्यागणिक बदलते. कुठे ते नगरपालिकेचे खाते असते, कुठे स्वतंत्र ना-नफा संस्था असते आणि गाव तिच्याशी सेवेचा करार करते. न्यूयॉर्क राज्यात बऱ्याच ठिकाणी ‘फायर डिस्ट्रिक्ट’ नावाचा वेगळा परगणाच असतो. त्याचे आयुक्त निवडणुकीने ठरतात आणि त्याला स्वतःचा कर बसवता येतो. अनेक दलांत प्रमुख, म्हणजे ‘चीफ’, सभासदांच्या मतदानाने निवडला जातो. आगीच्या जागी त्याचा शब्द अखेरचा. मात्र तिजोरी अध्यक्ष आणि खजिनदाराच्या हातात. सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही या रचनेतले ताणतणाव समजावून सांगायची गरज नाही.

आगीची वर्दी ९११ क्रमांकावरून काउंटीच्या नियंत्रण कक्षात जाते. तिथून पेजर वाजतात आणि बऱ्याच गावांत अग्निशमन घराच्या छपरावरचा भोंगाही. मग गॅरेजातला मेकॅनिक, शाळेचा बसचालक, दूध काढत असलेला शेतकरी हातातले काम टाकून निघतो. न्यूयॉर्क राज्यात त्याच्या खासगी गाडीवर निळा दिवा लावायची परवानगी आहे, पण तो दिवा ही विनंती आहे, अधिकार नव्हे. इतर वाहनांनी वाट दिली तर दिली, सिग्नल तोडता येत नाही. एनएफपीएच्या १७२० क्रमांकाच्या मानकाची अपेक्षा अशी, की ग्रामीण हद्दीत किमान सहा जणांनी चौदा मिनिटांत जागेवर पोचावे, आणि तेही शंभरातल्या ऐंशी वेळा. शहरातल्या वाचकाला चौदा मिनिटे फार वाटतील. पण ही माणसे ठाण्यावर बसलेली नसतात, घरून किंवा कामावरून येतात.

गाडी पोचली तरी पुढचा प्रश्न पाण्याचा. गावाबाहेर रस्त्याकडेला हायड्रंट नसतो. पहिला बंब सोबत साधारण १,००० गॅलन (सुमारे ३,८०० लिटर) पाणी आणतो. मिनिटाला १५० गॅलन सोडणारी एकच नळी चालू केली तरी ते सात मिनिटांच्या आत संपते. दुसरी नळी लावली की निम्म्या वेळात. म्हणून टँकरच्या खेपा सुरू होतात. अंगणात घडीची चौकट उघडून ताडपत्रीचा दोन-तीन हजार गॅलनांचा हौद उभा करतात. टँकर मागची झडप उघडून त्यात पाणी ओततो आणि पुन्हा तळ्याकडे वळतो; बंब त्या हौदातून पाणी ओढत राहतो. खेपांची लय एकदा चुकली की नळीच्या तोंडाशी असलेल्या माणसाच्या हातातल्या पाण्याचा जोर अचानक जातो, आणि तो तेव्हा घराच्या आत असू शकतो. काही गावे तळ्यात कायमची नळी गाडून ठेवतात, हा ‘कोरडा हायड्रंट’. त्याला दाब नसतो, पण त्याचे तोंड बर्फाखाली असल्याने हिवाळ्यात तळे गोठले तरी बंबाला त्यातून पाणी ओढता येते.

आगींचे प्रकार ऋतूप्रमाणे बदलतात. वसंतात सुक्या गवताला लागणाऱ्या आगी, उन्हाळ्याअखेर दमट रचलेल्या गवताच्या गंजीत आपोआप धुमसणाऱ्या आगी, आणि थंडीत धुराड्यांच्या. लाकडाच्या शेगडीचा धूर थंड धुराड्यात गोठून डांबरासारखा थर बसतो. तो पेटला की आवाज रेल्वे इंजिनासारखा येतो. तिथे पाणी मारले तर तापलेल्या विटा किंवा मातीची आतली नळी तडकण्याची भीती. त्यावर अनेक दलांचा उपाय असा: प्लास्टिकच्या साध्या झिप पिशवीत अग्निशामक भुकटी भरून छपरावरून धुराड्यात टाकायची. पिशवी आत वितळते आणि भुकटी पसरून ज्वाला दाबते. फावल्या संध्याकाळी सभासद अशा पिशव्या भरून ठेवतात. इतक्या स्वस्त, इतक्या कामाच्या गोष्टी अग्निशमनशास्त्रात थोड्याच असतील.

नावात आग असली तरी दलाचा बहुतेक वेळ दुसरीकडे जातो. देशभरच्या दलांना येणाऱ्या वर्द्यांमध्ये प्रत्यक्ष आगीच्या शेकडा चारच्या आसपास, तर वैद्यकीय मदतीच्या निम्म्याहून बऱ्याच जास्त. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला उचलून खुर्चीत बसवणे, मोटार अपघातात ‘जॉज ऑफ लाइफ’ या हायड्रॉलिक कात्रीने दार कापणे, कार्बन मोनॉक्साइडचा गजर तपासणे, पुरानंतर तळघर उपसणे आणि अर्थातच खोटे गजर. कधी जगातली मोठी घटनाही अशा गावाच्या वाट्याला येते. ११ सप्टेंबर २००१ रोजी युनायटेडचे फ्लाइट ९३ पेनसिल्व्हेनियात कोसळले, तेव्हा तिथे प्रथम पोचणाऱ्यांत शँक्सव्हिल या जेमतेम अडीचशे वस्तीच्या गावाचे स्वयंसेवी दल होते. वाचवायला कुणीच उरले नव्हते.

पैसा हा दलाचा दुसरा धंदा. नवा बंब पाच लाख डॉलरच्या वर जातो. एका माणसाचा अग्निरोधक पोशाख आणि पाठीवरचे श्वसनयंत्र मिळून दहा हजारांच्या घरात खर्च येतो, आणि मानकाप्रमाणे पोशाख दहा वर्षांनी बाद करावा लागतो. २००१ पासून केंद्र सरकारचे अनुदान मिळू लागले, पण उरलेले गाव गोळा करते: पॅनकेकची न्याहारी, बिंगो, लॉटरी, चौकात गाड्या थांबवून बूट पुढे करून मागितलेले सुटे पैसे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात कोंबडीचे बार्बेक्यू ठरलेले. कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट बेकर यांनी शेतकऱ्यांच्या कोंबड्या खपाव्यात म्हणून प्रचारात आणलेली ही कृती: टोमॅटो नाही, व्हिनेगर, तेल, अंडे, मीठ आणि मसाला. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या खड्ड्यात निखारे, वर जाळीत अर्ध्या कोंबड्या, आणि दोघे जण दोन टोकांना धरून अख्खी जाळी उलटी करतात. रविवारी दुपारपर्यंत सगळे विकून संपते. आग विझवायला जमणारी माणसेच ती पेटवून बसलेली असतात, ही गंमत गावात कुणाच्या लक्षातही येत नाही.

वर्गणीवर चालणाऱ्या सेवेची टोकाची बाजू २०१० मध्ये टेनेसीत दिसली. साउथ फुल्टन शहराचे दल हद्दीबाहेरच्या घरांना वर्षाला ७५ डॉलर घेऊन सेवा देत असे. एका घरमालकाने ते भरले नव्हते. दलाने त्याचे घर जळू दिले. देशभर गदारोळ झाला. नियमाच्या बाजूनेही लोक बोलले: पैसे आग लागल्यावरच भरायचे ठरले, तर आधी कोण भरेल?

धोका पगार पाहून येत नाही. कामावर मृत्यू पावणाऱ्या अग्निशामकांत हृदयविकार हे सर्वांत मोठे कारण, आणि छोट्या गावांत सभासदांपैकी साधारण एक तृतीयांश पन्नाशीपुढचे असतात. १७ एप्रिल २०१३ रोजी टेक्सासमधल्या वेस्ट या गावी खताच्या गोदामाला आग लागली. स्वयंसेवी दल पोचले, आणि वर्दीनंतर वीसेक मिनिटांत तिथल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ जण गेले, त्यांतले १२ आगीला धावून आलेले. केंद्रीय रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत अनेक उणिवा नोंदल्या गेल्या: गोदामाची आधी पाहणी करून आखलेली योजना नव्हती आणि अशा रसायनाच्या आगीचे प्रशिक्षण अपुरे होते. हा ठपका एकट्या गावावर ठेवणे अन्यायाचे होईल. शंभराहून अधिक तासांचे प्राथमिक प्रशिक्षण रात्री आणि शनिवार-रविवारी पुरे करणाऱ्या माणसाकडून रसायनशास्त्राची अपेक्षा कोणी आणि कशाच्या बळावर करायची?

खरा तुटवडा माणसांचा आहे, तोही दिवसा. पूर्वी गावातली गिरणी भोंगा वाजला की कामगारांना सोडत असे. आता गिरणी बंद, माणसे पन्नास मैलांवरच्या शहरात नोकरीला. १९८४ मध्ये देशात सुमारे ८ लाख ९८ हजार स्वयंसेवक होते, म्हणजे २०२० च्या आकड्यापेक्षा दोन लाखांहून अधिक जास्त. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाने २०१८ मध्ये नोंदवले, की १९७० च्या दशकात राज्यात सुमारे तीन लाख असलेले स्वयंसेवक ३८ हजारांवर आले. यावर उपाय तऱ्हेतऱ्हेचे चालू आहेत. एकाच वर्दीला दोन-तीन गावांची दले एकदम बोलावतात. दिवसापुरते दोन पगारी माणसे ठेवतात. काही राज्यांत सेवेच्या वर्षांनुसार छोटे निवृत्तिवेतन किंवा करसवलत मिळते. कॉलेजजवळची दले विद्यार्थ्यांना अग्निशमन घरात फुकट खोली देतात, बदल्यात रात्रपाळी. ज्यांना धुरात शिरणे झेपत नाही, त्यांना टँकर चालवणे, रहदारी अडवणे, हिशेब ठेवणे अशी कामे देऊन सभासद करून घेतले जाते. काही गावांत आता अशाच सभासदांची संख्या जास्त भरते.