जोडीची इंजिने

भोरला रेल्वे नाही. वेल्ह्यालाही नाही. तरीसुद्धा देशातल्या एका नामांकित रेल्वेघाटाला साहेबाने ‘भोर घाट’ म्हटले, आणि तो निघाला कर्जत-लोणावळ्याच्या मधे! त्यातले खंडाळा तरी आमचे असावे म्हणावे, तर आमच्या शेजारचे साताऱ्यातले खंडाळा वेगळेच. त्या गावातही आगगाडी शिरत नाही. नावे आमची, गाड्या दुसऱ्यांच्या.

तो घाट 1863 साली सुरू झाला. चढ असा की 37 फूट पुढे गेले की 1 फूट वर. एका इंजिनाला एवढे ओढवेना, म्हणून जादा इंजिने जोडायची रीत पडली. कर्जतला अजूनही गाडीच्या ढुंगणाशी इंजिने लागतात. खऱ्या इंजिनांचे एक बरे असते. एखादे मागे रेंगाळले तरी दुसऱ्याच्या जोरावर त्याची चाके फिरत राहतात; शेवटी दोघे मिळून भार वाटून घेतात.

खेळातल्या इंजिनाचे तसे नाही. त्यात बहुधा ‘वर्म गिअर’ असतो: मोटर चाक फिरवते, पण चाक मोटरला फिरवू शकत नाही. बँकेत मी हेच यंत्र रोज पाहतो. वरून आदेश खाली येतो, खालून काही वर जात नाही! मग जोडीतले मंद इंजिन फरफटते, चपळ इंजिन जागच्या जागी चाके घासते आणि वळणावर डबे रूळ सोडतात.

जुन्या पद्धतीत रुळातून एकच वीज दोघांना मिळे. सारखा पगार, पण स्वभाव निराळे! 1980 च्या दशकात अंकीय नियंत्रण रुळले, आणि 1990 च्या दशकात अमेरिकेच्या मॉडेल रेल्वे संघटनेने त्याची मानके ठरवली. आता प्रत्येक इंजिनाच्या पोटात ‘डिकोडर’ बसतो. त्यात 2 नंबरच्या खात्यात सुरुवातीचा जोर, 5 नंबरात कमाल वेग, 6 नंबरात मधला वेग. फारच काटेकोर माणूस असेल तर 28 पायऱ्यांचा तक्ता भरायचा. लेजर भरल्यासारखेच.

जुळवणी सोपी. दोन्ही इंजिने न जोडता हातभर अंतराने एकाच रुळावर सोडायची. अंतर वाढले वा घटले की आकडा बदलायचा. पुन्हा सोडायची. मंद वेगात, मधल्या वेगात, भरधाव वेगात. ‘भरधाव’ म्हणजे तरी किती? 1:87 मापात ताशी 87 किलोमीटर म्हणजे प्रत्यक्षात ताशी 1 किलोमीटर! भोरच्या बाजारातली हातगाडीसुद्धा हिला ओलांडून जाईल.

यात एक गोष्ट मात्र मनाला लागते. मंद इंजिनाला त्याच्या कुवतीपलीकडे पळवता येत नाही. चपळालाच खाली आणावे लागते. कचेरीत यालाच अन्याय म्हणतात आणि युनियनकडे जातात. पण मागे डब्यांची रांग असते, पुढे चढ असतो. त्या डब्यांना पहिले कोण पळाले याच्याशी कर्तव्य नसते. आपण रुळावर राहिलो की झाले.

ही छोटी रेल्वे कशी दिसते हे पाहायचे असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, 1998 पासून. भोरहून तिथे जायला अर्थातच एस.टी. पकडावी लागते.