‘नाइस’ म्हणजे मूर्ख? एका कौतुकाच्या शब्दाचा प्रवास

आजच्या भागात एकाच शब्दाची गोष्ट. शब्द अगदी रोजचा: ‘नाइस’. फोटो पाहिला, नाइस. डबा आवडला, नाइस. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी माझ्या निबंधातल्या या शब्दाखाली लाल रेघ मारली होती. म्हणाल्या, ‘याला काही अर्थ नसतो.’ मी मान खाली घातली. आता वाटतं, अर्थ नाही कसा? उलट फारच झालेत!

मूळ शब्द लॅटिन, ‘नेस्कियुस’. म्हणजे ज्याला काही कळत नाही असा, अजाण. जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तो ‘मूर्ख’ हा अर्थ घेऊनच. चॉसरही तो त्याच अर्थाने वापरतो. पुढे अर्थ सरकत गेला: लाजाळू, नाजूक, चोखंदळ, काटेकोर. आणि अठराव्या शतकात ‘छान’ हा अर्थ रुळला. गंमत बघा, ‘सिली’ हा शब्द नेमका उलटा गेला. जुन्या इंग्रजीत तो ‘सुखी, धन्य’ होता, आणि घसरत घसरत ‘बावळट’ झाला.

हे माहीत नसेल तर वाचताना फसगत होते. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या शेवटच्या अंकात रोमिओला लिहिलेलं पत्र पोचलेलंच नसतं. तेव्हा फ्रायर लॉरेन्स म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हतं. आपण समजणार, पत्र वाईट होतं. पण त्याला म्हणायचंय, पत्र क्षुल्लक नव्हतं. त्यावर दोन जीव अवलंबून होते!

आता जेन ऑस्टिनकडे येऊ. ‘नॉर्थँगर ॲबी’मध्ये कॅथरिन नावाची सतरा वर्षांची मुलगी ॲन रॅडक्लिफच्या १७९४ च्या ‘मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’वर फिदा आहे. हेन्रीबरोबर फिरताना ती त्या पुस्तकाला जगातलं सगळ्यात नाइस पुस्तक म्हणते. झालं! हेन्री तिची फिरकी घेतो: नाइस म्हणजे नीटनेटकं, तेव्हा तुला बांधणीबद्दल बोलायचं असेल. पोरगी गडबडते. पण हेन्रीची बहीण एलेनॉर मदतीला धावते. ती भावालाच तो शब्द परत करते, जुन्या अर्थाने: नाइस तूच आहेस, शहाणपणापेक्षा चिकित्सा जास्त! आपण ‘फार शहाणा आहेस’ म्हणतो ना, तसलाच टोला.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलींना तेव्हा हसलं जायचं, आणि याच पुस्तकात ऑस्टिन कादंबरीची उघड बाजू घेते. कॅथरिनचा शब्द सैल आहे, पण तिचा आनंद खरा आहे. शब्द दुरुस्त करता करता हेन्री त्या आनंदावरच पाणी ओतायला निघतो. आणि गंमत म्हणजे ऑस्टिन स्वतःच्या पत्रांत ‘नाइस’ अगदी कॅथरिनसारखाच वापरते!

ही कादंबरी एका प्रकाशकाने १८०३ मध्ये दहा पौंडांना विकत घेतली आणि छापलीच नाही. ती बाहेर आली १८१७ च्या डिसेंबरमध्ये. ऑस्टिन त्याच जुलैत गेली होती.

तेव्हा कुणी मनापासून ‘नाइस’ म्हणालं, तर लाल पेन काढण्याआधी एवढंच विचारू या: काय आवडलं रे तुला? भेटू पुढच्या भागात.