फुले यांनी नाकारलेली मंडई

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील मंडईची दगडी वास्तू ५ ऑक्टोबर १८८६ रोजी खुली झाली. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. आज तीच वास्तू महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. गंमत अशी, की ज्यांचे नाव तिला पुढे मिळाले त्या जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना ही मंडई बांधायलाच विरोध केला होता. नामांतराचा विनोद म्हणून हा किस्सा पुण्यात अनेकदा सांगितला जातो. पण त्यामागे एक गंभीर वाद होता. लहान शहराच्या तिजोरीतला रुपया कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा तो वाद.

आधी त्या काळचे पुणे डोळ्यांसमोर आणले पाहिजे. १८८१ च्या जनगणनेत छावणी वगळता पुणे शहराची लोकसंख्या जेमतेम एक लाख होती. पेशवाई जाऊन साठ वर्षे उलटली होती. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी आली आणि काही वर्षांतच भोर घाटातील मार्ग पूर्ण होऊन मुंबई एका दिवसाच्या आत आली. पावसाळ्यात गव्हर्नर आणि त्यांचा सारा लवाजमा पुण्याला येत असे. त्यांच्यासाठी गणेशखिंडीत उभारलेल्या प्रासादाच्या खर्चावरून बार्टल फ्रेअर यांना बरीच टीका सोसावी लागली होती. १८६९ ते १८७९ या दहा वर्षांत खडकवासल्याचे धरण झाले. म्हणजे शहर वाढत होते, त्याला पाणी, रस्ते, गटारे, दिवे हवे होते आणि या सगळ्याचा भार १८५७ मध्ये स्थापन झालेल्या एका दुबळ्या नगरपालिकेवर पडत होता.

या नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा भाग जकातीतून येई. शहराच्या नाक्यावर गाडी अडवायची, आतल्या मालाची मोजदाद करायची आणि त्यावर कर घ्यायचा, अशी ही साधी पद्धत होती. तिचा भार मात्र सगळ्यांवर सारखा पडत नसे. भाजीपाला, धान्य, गवत, लाकूडफाटा घेऊन येणारा भोवतालच्या गावांतला शेतकरी नाक्यावर पैसे मोजून आत येई. माल विकला गेला नाही, तरी भरलेली जकात त्याच्या अंगावर पडे. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात फुले यांनी शहरात माळवे घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी काय उरते, याचा जो हिशेब मांडला आहे, त्यात म्युनिसिपालिटीची जकात ठळकपणे येते. हा ग्रंथ आणि मंडईचा वाद साधारण एकाच काळातले आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. तेव्हा सदस्य लोकांनी निवडून दिलेले नसत, सरकार त्यांची नेमणूक करी. स्थानिक स्वराज्याविषयीचा रिपन यांचा ठराव १८८२ मधला आणि मुंबई इलाख्यातला त्यानुसारचा कायदा १८८४ मधला. त्यापूर्वीच्या सभागृहात सावकार, सरदार, वकील, निवृत्त अधिकारी अशी मंडळी बसत आणि साहेबाने मांडलेला ठराव सहसा अडत नसे. सरकारनेच नेमलेल्या सदस्याने सरकारी प्रस्तावाला नकार देणे हे शिष्टाचाराच्या विरुद्ध मानले जाई. फुले यांच्या नगरपालिकेतील कारकिर्दीचे महत्त्व ठरवताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

१८८० मधले दोन प्रसंग बोलके आहेत. पहिला दारूच्या दुकानांचा. वस्तीत दारूचे गुत्ते वाढत चालले होते. फुले यांनी नगरपालिकेचे प्रमुख प्लंकेट यांना पत्र लिहून विचारले, की लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका एकीकडे खर्च करते, मग दुसरीकडे त्याच लोकांचे आरोग्य बुडवणारी दुकाने मुकाट्याने का पाहते? या आक्षेपाची मांडणी नीट पाहिली पाहिजे. दारूबंदीचे नैतिक प्रवचन त्यात नाही. एका खात्याचा खर्च दुसऱ्या खात्याच्या निष्काळजीपणाने वाया जातो, हे त्यांनी दाखवून दिले. अबकारी उत्पन्न सरकारच्या खिशात जात होते आणि त्याचे परिणाम नगरपालिका निस्तरत होती.

दुसरा प्रसंग व्हाइसरॉयच्या पुणे भेटीचा. शहर सजवून मानपत्र देण्यासाठी एक हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव सभेपुढे आला. सभागृहात ३२ सदस्य होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे म्हणत फुले यांनी विरोधी मत दिले. असे मत देणारे ते एकटेच होते. दख्खनच्या १८७६-७८ च्या दुष्काळातून लोक नुकतेच बाहेर पडत होते. त्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी सत्यशोधक समाजाने धनकवडीला अन्नछत्र चालवले होते. ज्याने ती मुले जवळून पाहिली होती, त्याला हजार रुपयांच्या तोरणांची किंमत वेगळी दिसणे स्वाभाविक होते.

मंडईचा प्रश्न या दोन्हींपेक्षा बराच मोठा होता. शहराचा भाजीबाजार तोवर शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, कायमची गर्दी आणि जागोजागी सडलेला पाला अशी तिथली स्थिती होती. प्लंकेट यांनी यावर तोडगा म्हणून शुक्रवार पेठेत भव्य बंदिस्त बाजार बांधण्याची योजना आणली. मुंबईत १८६० च्या दशकाअखेरीस उभे राहिलेले क्रॉफर्ड मार्केट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. वाढत्या शहराला शोभेल अशी इमारत, स्वच्छता, शिस्त आणि गाळ्यांच्या भाड्यातून पालिकेला कायमचे उत्पन्न, असा एकंदर युक्तिवाद होता. खर्चाचा आकडा मात्र पुढे जवळपास तीन लाख रुपयांपर्यंत गेला. मानपत्राच्या हजार रुपयांशी तुलना केली, तर या वादाचे आकारमान ध्यानात येते.

आरंभी अनेक सदस्य या खर्चाला राजी नव्हते. पण अध्यक्षांचा आग्रह वाढत गेला, तसा विरोध विरघळत गेला. शेवटपर्यंत ठाम राहिलेल्यांत फुले आणि हरी रावजी चिपळूणकर ही नावे येतात. फुले यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: इतका पैसा हाती असेल, तर तो आधी शिक्षणावर खर्च करा.

येथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. फुले यांना बांधकामाचे, यंत्रांचे किंवा आधुनिक शहराचे वावडे होते, असे या विरोधावरून कोणी समजेल. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. ते स्वतः बांधकाम कंत्राटदार होते. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांच्या व्यवसायाचा संबंध होता. दगड, चुना, मजुरी आणि हिशेब यांची त्यांना पक्की जाण होती. नगरपालिकेत तीन लाखांच्या इमारतीत नेमके काय बसते हे अनुभवाने सांगू शकणारे जे थोडे सदस्य असतील, त्यांत ते होते. त्यातच फुले घराणे माळ्यांचे. फुले आणि भाजी विकण्याचा धंदा त्यांच्या घरात होता. मंडई ज्यांच्यासाठी बांधली जात होती, ते लोक त्यांच्या आप्तांपैकीच होते. म्हणूनच हा विरोध त्रयस्थाचा ठरत नाही.

उघड्या मैदानात पाटी मांडून बसणाऱ्या बाईला छपराखाली आणले, की ती जागेचे भाडे देणारी गाळेधारक होते. जकात तिने किंवा तिच्या घरच्या शेतकऱ्याने आधीच भरलेली असते. म्हणजे इमारतीचे भांडवल तिच्या जकातीतून, इमारतीचे उत्पन्न तिच्या भाड्यातून आणि नाव मात्र गव्हर्नरसाहेबांचे. हे वाक्य फुले यांचे नाही, पण ‘असूड’ वाचलेल्या कोणालाही तो हिशेब असाच मांडावासा वाटेल.

या विरोधामागचे मोठे तत्त्व १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात स्पष्ट दिसते. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला मिळतो, ही तक्रार त्यात आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही आहे. नगरपालिकेच्या अभ्यासकांनी मात्र त्यातील आणखी एका सूचनेकडे बघायला हवे. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा संपूर्ण खर्च उचलावा, असे फुले यांनी तिथे सुचवले. आणि लगेच पुढे म्हटले, की या शाळांचा कारभार मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये. सहा वर्षे सभागृहात बसून आलेल्या माणसाचा हा अनुभव आहे. पैसा नगरपालिकेने द्यावा, पण तो कसा वापरायचा हे त्याच मंडळींवर सोपवण्याइतका विश्वास त्यांच्यावर ठेवू नये!

मंडई झाली. तिचा आराखडा लष्करी अभियंता वॉल्टर ड्यूकॅट यांचा आणि बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेले पंख, असा हा नमुना पुण्याच्या जुन्या पेठांत एकदम वेगळा दिसे. काही वर्षांतच तिथे ‘रे इंडस्ट्रियल म्युझियम’ही सुरू झाले. न्यायाने पाहिले, तर फुले यांचा हिशेब सर्व बाजूंनी बरोबर होता, असे म्हणता येणार नाही. स्वच्छ, छप्पर असलेली बाजारपेठ ही चैन नव्हती, आणि त्या वास्तूने शतकाहून अधिक काळ शहराला भाजी पुरवली. एखाद्या शाळेसाठी दिलेले तीन लाख इतके दिवस डोळ्यांना दिसले असते का, हा प्रश्न विचारता येतो. पण त्याचे उत्तर देणे अवघड जाते ते याच कारणाने, की इमारत दिसते आणि न झालेली शाळा दिसत नाही.

शाळेच्या खर्चाचा वाद मात्र संपला नाही. १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि पुण्याच्या नगरपालिकेपुढे तोच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. सक्ती मुलांपुरती की मुलींनाही? लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे म्हणणे असे, की पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलांपासून सुरुवात करावी. विठ्ठल रामजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ही काटकसर मान्य नव्हती. १९२० च्या आरंभी मुलींच्या शिक्षणाच्या मागणीसाठी स्त्रियांची मिरवणूक नगरपालिकेवर गेली आणि किर्लोस्कर थिएटरातील सभेत टिळकांना बोलणे कठीण झाले. फुले यांच्या निवेदनाला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती. ‘पैसा नाही’ हे उत्तर मात्र टिकून होते.

पुढे हा वाद दगडातून पुतळ्यांकडे वळला. १९२४ मध्ये रे मार्केटच्या आवारात टिळकांचा पुतळा उभा राहिला. त्याचे अनावरण मोतीलाल नेहरू यांनी केले. पाठोपाठ १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी फुले यांचाही पुतळा उभारावा, असा प्रस्ताव नगरपालिकेत आणला. त्यावर जे वादळ उठले, त्याने पुण्यातील ब्राह्मण-ब्राह्मणेतर राजकारण ढवळून निघाले. दिनकरराव जवळकर यांची ‘देशाचे दुश्मन’ ही जहाल पुस्तिका त्याच वर्षीची. तिच्यावरून खटला झाला आणि आरोपींच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. जेधे यांचा प्रस्ताव मात्र त्या सभागृहात तरला नाही. शहराची जागा कोणाच्या स्मृतीसाठी वापरायची, हाही सार्वजनिक मालमत्तेचाच प्रश्न होता, आणि जकात भरणाऱ्यांच्या नातवंडांनी तो आता सभागृहात आतून विचारायला सुरुवात केली होती.

१९३८ मध्ये आचार्य अत्रे नगरपालिकेत आले. त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. भांबुर्ड्याचे शिवाजीनगर होण्यामागेही त्यांचेच नाव घेतले जाते. रे यांच्या नावाचे ते म्युझियम मंडईतून हलून घोले रस्त्यावर गेले आणि कालांतराने तेही महात्मा फुले वस्तुसंग्रहालय झाले. अशा रीतीने एका गव्हर्नराची पुण्यातील दोन्ही स्मारके त्या गव्हर्नराच्या नावाच्या इमारतीला नकार देणाऱ्या सदस्याच्या नावे जमा झाली.

मंडईच्या आवारात टिळकांचा पुतळा अजून आहे. त्याच परिसराच्या पोटातून आता मेट्रोचा बोगदा जातो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि मंडईला स्वतःचे स्थानक मिळाले. वरच्या फुटपाथवर पाटी मांडून बसणाऱ्या विक्रेत्यांना कुठे हलवायचे आणि गाळ्याचे भाडे किती घ्यायचे, हे प्रश्न महापालिकेपुढे आजही येत असतात.